रेघ बारीक कुणी केली?

पीएलप्लॉट ही शास्त्रीय आलेख काढायची जुनी, मुक्त लायब्ररी. तिचा गाभा सी भाषेत आहे, पण वापरणारा पायथनमध्ये लिहीत असो, फोरट्रानमध्ये, जावात, एडात, ओकॅमलमध्ये, डीमध्ये, टीसीएलमध्ये की ऑक्टेव्हमध्ये, त्याला ती वापरता येते. प्रत्येक भाषा आणि गाभा यांच्यामध्ये एक पातळ थर असतो. त्याला बाइंडिंग म्हणतात. २०१३ मध्ये या लायब्ररीची ५.९.१० ही आवृत्ती आली. तिच्यातला एक बदल वाचायला अगदी किरकोळ होता: रेघेची जाडी तोवर पूर्णांकात द्यावी लागायची, ती आता अपूर्णांकातही देता येणार होती. मागणी रास्तच होती. जर्नलला पाठवायच्या आलेखात १ फार बारीक आणि २ फार जाड हे दुखणं ज्याने भोगलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

गाभ्यात हे काम म्हणजे काही प्रकार बदलणं, हेडर फाइल नीट करणं आणि ड्रायव्हर तपासणं. खरं काम सुरू होतं ते त्यानंतर, आणि माझा सगळा लेख त्या ‘त्यानंतर’बद्दल आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये इंटरफेस, म्हणजे फंक्शनांची नावं आणि त्यांना काय द्यायचं याचा ठराव, बदलण्याचं श्रेय गाभ्यात हात घालणाऱ्याला मिळतं. त्याचा भुर्दंड मात्र दहा भाषांतल्या दहा अनोळखी माणसांवर पडतो, आणि त्यांच्याही पलीकडे ज्याला बाइंडिंग हा शब्दही माहीत नाही अशा संशोधकावर. ही वाटणी चुकीची आहे असं माझं मत आहे. जो इंटरफेस बदलेल त्याच्या बदलाला, सगळ्या भाषांतून तोच आलेख पुन्हा निघेपर्यंत, अर्धवट म्हणायला हवं.

हे मत टोकाचं वाटत असेल तर त्या जाडीचं पुढे काय होऊ शकतं ते जरा जवळून बघू.

सीमधल्या फंक्शनचं कंपाइल झालेल्या लायब्ररीत फक्त नाव उरतं. त्याला पूर्णांक द्यायचा की अपूर्णांक, ही माहिती त्या नावात नसते. (सी प्लस प्लसमध्ये आर्ग्युमेंटचे, म्हणजे फंक्शनला दिलेल्या मूल्यांचे, प्रकार नावातच गुंफलेले असतात, त्यामुळे तिथे लिंक होतानाच बोंबाबोंब होते. सीवर हसणाऱ्यांना हा एक मुद्दा फुकट.) आता एडाचं हाताने लिहिलेलं बाइंडिंग घ्या. त्यात लिहिलंय की या फंक्शनचं अमुक आर्ग्युमेंट पूर्णांक आहे. एडाचा कंपायलर काटेकोरपणासाठी प्रसिद्ध, पण सीच्या हद्दीपलीकडे काय आहे ते तो स्वतः जाऊन पाहत नाही. बाइंडिंगमध्ये लिहिलेलं तो प्रमाण मानतो. गाभा बदलला आणि बाइंडिंग तसंच राहिलं, तरी प्रोग्राम कंपाइल होतो, लिंक होतो, चालतोसुद्धा. पण नेहमीच्या ६४ बिटी पीसीवर पूर्णांक एका जातीच्या रजिस्टरमधून जातात आणि अपूर्णांक दुसऱ्या जातीच्या (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली मूल्य ठेवायची जागा). म्हणजे देणाऱ्याने पैसे एका खिडकीत ठेवले आणि घेणारा शेजारच्या खिडकीत हात घालून बसलाय. त्याच्या हाताला जे लागेल ती रेघेची जाडी.

अ‍ॅरेची, म्हणजे ओळीने ठेवलेल्या मूल्यांच्या यादीची, गोष्ट आणखी मजेदार. आलेखाच्या कोपऱ्यात खुणांचा अर्थ सांगणारी चौकट काढणारं पीएललेजेंड हे फंक्शन रेघांच्या जाड्या अ‍ॅरेतून घेतं. आधी तो पूर्णांकांचा होता, नंतर अपूर्णांकांचा झाला. फंक्शनचं नाव तेच राहिलं. जुन्या बाइंडिंगने १, १ असे दोन पूर्णांक पाठवले, तर प्रत्येकी चार बाइट धरून आठ बाइट होतात. नवा गाभा ते आठही बाइट मिळून एकच अपूर्णांक म्हणून वाचतो. तो येतो साधारण २ गुणिले १० चा उणे ३१४ वा घात, म्हणजे दशांशचिन्हानंतर ३१३ शून्यं आणि मग २. रेघेची जाडी जवळपास शून्यच. दुसरी जाडी वाचायला गाभा पुढे सरकतो तेव्हा अ‍ॅरे केव्हाच संपलेला असतो आणि शेजारी मेमरीत जे पडलंय ते उचललं जातं. कुठेही एरर येत नाही. आलेख येतो, फक्त रेघ बारीक असते, किंवा नसतेच, किंवा आज असते आणि उद्या नसते. पीएच.डी.चा विद्यार्थी दोन दिवस स्वतःचा डेटा तपासत बसतो.

याच आवृत्तीत योग्य वाटही दाखवलेली होती. पेनाची जाडी ठरवणारं जुनं फंक्शन पीएलविड या नावाचं. अपूर्णांक घेणारं नवं आलं ते पीएलविड्थ या नव्या नावाने, आणि जुनं लगेच काढून टाकलं नाही. ज्याचं बाइंडिंग मागे राहिलं त्याचं काम जुन्या नावाने चालत राहिलं. ज्याने नवं नाव वापरायला घेतलं त्याला बाइंडिंगमध्ये ते नाव नसलं तर सरळ एरर मिळाली, आणि एरर मिळणं हे चांगलंच. तीसच्या वर आर्ग्युमेंट असलेल्या पीएललेजेंडसाठी मात्र नाव तेच ठेवून आतला प्रकार बदलला. हे फंक्शन तेव्हा नवं होतं, त्याची ठेवण अजून बसत होती, असा बचाव करता येईल आणि तो अगदीच पोकळ नाही. तरी माझा आग्रह असा की अर्थ बदलला की नाव बदलायचं. नाव कितीही कुरूप झालं तरी चालेल. शेवटी ‘२’ लावा हवं तर.

पीएलप्लॉटवर मी टीका करतोय असं वाटू नये, कारण या बाबतीत मला माहीत असलेल्या प्रकल्पांत तो सर्वांत जबाबदार आहे. त्यांच्याकडे ०० पासून ३३ पर्यंत क्रमांक दिलेली नमुना उदाहरणं आहेत, आणि तीच उदाहरणं एकेका भाषेत पुन्हा लिहिलेली आहेत. चाचणी चालवली की प्रत्येक भाषेतून निघालेली पोस्टस्क्रिप्ट फाइल सीमधून निघालेल्या फाइलशी ताडून पाहिली जाते. मग एक अहवाल येतो. भाषेचं संक्षिप्त नाव, त्याखाली ‘मिसिंग एक्झाम्पल्स’, ‘डिफरिंग ग्राफिकल आउटपुट’ आणि अशाच आणखी दोन ओळी. विसर्गचिन्हापुढे काही नसेल तर सगळं ठीक. तिथे ‘३३’ दिसलं तर, ते उदाहरण पीएललेजेंडचं असल्याने, त्या भाषेत बहुधा त्याचाच घोळ आहे असं समजावं. यात ‘नजरेला सारखंच दिसतंय’ असं म्हणून वेळ मारून नेता येत नाही. इंटरफेस बदलणाऱ्याला बदल केल्या केल्या दिसतं की आपण कुणाकुणाचं काय मोडलं. मी ज्याला बदल ‘पूर्ण’ होणं म्हणतो ते हेच: सगळ्या भाषांखाली त्या ओळी रिकाम्या असणं.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो म्हणजे, हाताने कशाला लिहिता, बाइंडिंग यंत्राकडून तयार करून घ्या की. स्विग नावाचं साधन नेमकं त्यासाठी आहे आणि पीएलप्लॉटमध्येही पायथन, जावा, ऑक्टेव्ह, लुआ या भाषांसाठी तेच वापरतात. प्रकार बदलल्याने होणारा वरचा घोळ त्याने बराचसा टळतो, हे कबूल. पण बाइंडिंगचं काम तेवढंच नसतं. सीमध्ये रेघ काढताना बिंदूंची संख्या, क्ष-किमतींचा अ‍ॅरे आणि य-किमतींचा अ‍ॅरे असं सगळं द्यावं लागतं. पायथनमध्ये संख्या द्यायची म्हटलं तर कुणीही विचारेल की अ‍ॅरेला स्वतःची लांबी माहीत नाही का? मग ती संख्या थरात काढून घ्यायची. द्विमितीय अ‍ॅरे पीएलप्लॉटच्या सी गाभ्याला ओळींच्या पॉइंटरांचा (मेमरीतल्या पत्त्यांचा) अ‍ॅरे म्हणून हवा असतो. फोरट्रान तोच डेटा स्तंभांच्या क्रमाने मेमरीत ठेवतो. पॉइंटरचा पॉइंटर पाहून यंत्राला काय कळणार, त्यात किती ओळी आणि किती स्तंभ? ते कुणातरी माणसाने सांगावं लागतं, प्रत्येक भाषेसाठी वेगळं, आणि इंटरफेस बदलला की पुन्हा. यंत्र तुमचे कष्ट निम्मे करतं. उरलेले निम्मे कुणाचे, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

शिवाय बाइंडिंग पूर्णपणे यंत्राने होत असलं तरी मोडतोड थांबत नाही, फक्त एक पायरी खाली सरकते. त्रिमितीय चित्रणासाठीच्या व्हीटीके या लायब्ररीचं उदाहरण घ्या. त्याचे पायथन आणि जावाचे थर हेडर फाइलींवरून आपोआप बनतात. सहाव्या आवृत्तीत ‘सेटइनपुट’ गेलं आणि त्याजागी नवं ‘सेटइनपुटडेटा’ किंवा आधीपासूनचं ‘सेटइनपुटकनेक्शन’ वापरायचं ठरलं. विचार चांगला होता: थेट डेटा देणं आणि आधीच्या टप्प्याला जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या दिसाव्यात. पायथनचा थर त्याच दिवशी बरोबर तयार झाला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पडून असलेल्या पायथन स्क्रिप्ट्स बंद पडल्या. पण बघा, त्या बंद पडल्या. बारीक रेघेसारखं काहीतरी चुकीचं चित्र त्यांनी काढलं नाही. नाव बदलल्याचा फायदा इथेही आहेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मला झटकून टाकता येत नाही. हे सगळे स्वयंसेवक. नोकरी, घरदार सांभाळून रात्री काम करणारे. गाभ्यात सुधारणा करू पाहणाऱ्याला तुम्ही म्हणणार की आधी एडा शीक, ओकॅमल शीक, मग तुझा पॅच (कोडमधला बदल) घेऊ? असं केलं तर कोण पुढे येईल?

बरोबर आहे, काही जण येणार नाहीत. काही सुधारणा होणार नाहीत. माझ्या मते त्यातल्या बऱ्याच न झालेल्या बऱ्या. ज्या बदलासाठी बदलणारा स्वतः चार तास द्यायला तयार नाही, त्यासाठी इतरांचे चारशे तास त्याने का घ्यावेत? पण मला हेही मान्य आहे की एकट्या माणसाने सगळ्या भाषा शिकाव्यात ही अपेक्षा हास्यास्पद आहे. तशी गरजही नाही. आर भाषेच्या पॅकेजांचं भांडार असलेल्या क्रॅनचा यावर जुना नियम आहे: तुमच्या नव्या आवृत्तीने दुसऱ्यांची पॅकेजं मोडणार असतील तर त्यांच्या मेंटेनरना (देखभाल करणाऱ्यांना) आधी कळवा, काय बदलावं ते सुचवा, आणि किमान दोन आठवडे, शक्य तर अधिक, वेळ द्या. यातलं ‘सुचवा’ फार महत्त्वाचं. ‘आम्ही बदललंय, तुमचं तुम्ही बघा’ हे कळवणं झालं. ‘तुमच्या अमुक ओळीत हे लिहिलंत तर चालेल’ ही झाली जबाबदारी. जीजीप्लॉट२ ही आरमधली आलेखांची इतकी वापरातली लायब्ररी, तिच्यावर हजारो पॅकेजं उभी, तरी तिला हा नियम पाळूनच मोठे बदल करावे लागतात. आरच्या जगाला कितीही नावं ठेवा (आणि ठेवण्यासारखी बरीच आहेत), शेजारधर्म तिथे नियमात लिहिलेला आहे. पायथनच्या पायपीआय या पॅकेज-भांडारात असं काहीही विचारलं जात नाही.

पायथनवाले म्हणतील, आमच्याकडे सूचना देण्याची पद्धत आहे. आहे खरी. मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख लायब्ररीमध्ये एखादं फंक्शन काढायचं असेल तर ते आधी ‘डेप्रिकेट’ करतात, काही आवृत्त्या इशारा देत राहतात, मग काढतात. रंगपट्ट्या आणून देणारं सीएम मॉड्यूलमधलं गेट-सीमॅप ३.७ मध्ये, म्हणजे २०२३ साली, डेप्रिकेट झालं आणि २०२४ च्या ३.९ मध्ये गेलं. पद्धतशीर. तरी ३.९ आल्यावर कित्येकांचा कोड अचानक बंद पडला आणि ‘सांगितलं का नाही’ म्हणून ओरड झाली. सांगितलेलं होतं. पण पायथनची मुळातली सेटिंग अशी की डेप्रिकेशनचा इशारा तुम्ही स्वतः चालवलेल्या मुख्य फाइलमधून आला तरच दिसतो. मधल्या एखाद्या लायब्ररीतून आला तर गुपचूप गिळला जातो. मॅटप्लॉटलिबवर बेतलेल्या दुसऱ्या लायब्ररीने ते फंक्शन वापरलं असेल तर शेवटच्या माणसापर्यंत इशारा पोचतच नाही. मधल्या थराच्या लेखकाने इशारे चालू ठेवून चाचण्या चालवल्या तर त्याला कळणार, आणि तो लेखक बहुधा तीन वर्षांपूर्वी पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो. नोटीस फलकावर लावली, वाचली कुणी नाही. कायद्याने झालं काम. अशा इशाऱ्याने जबाबदारी संपली असं मी मानत नाही.

तिसरा आक्षेप असा की इतक्या भाषा हव्यात कशाला? सगळ्यांनी पायथनवर यावं. याचा प्रयोग हवामानशास्त्रात होऊन गेलाय. अमेरिकेतल्या एनसीएआर या वातावरण-संशोधन केंद्राची एनसीएल ही भाषा हवामानाचे नकाशे काढण्यासाठी जगभर वापरात होती. भारतातले किती प्रबंध तिच्या नकाशांवर उभे आहेत ते पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेच्या वाचनालयात जाऊन पाहता येईल. २०१९ मध्ये एनसीएआरने एनसीएलचा विकास थांबवून पायथनकडे वळायचं ठरवलं. निर्णय व्यवहार्य होता, माणसं आणि पैसा मर्यादित असतो. पण मान्सूनची प्रतिरूपं अजून फोरट्रानमध्येच आहेत, आणि ती उद्या पायथनमध्ये कुणी लिहून काढणार नाही. भाषा एकच ठेवा म्हटल्याने भाषांमधला सांधा नाहीसा होत नाही. फक्त तो प्रत्येक प्रयोगशाळेत, प्रत्येक विद्यार्थ्याने, आपापल्या परीने आणि कुणी न तपासता जोडायचा असतो. त्यापेक्षा एकदाच नीट जोडलेला, ३४ उदाहरणांनी तपासलेला सांधा केव्हाही स्वस्त. फोरट्राननेही २००३ च्या मानकात सीशी बोलण्याची अधिकृत सोय करून ठेवली, ती काय हौस म्हणून? पीएलप्लॉटचं फोरट्रान बाइंडिंग पुढे त्या सोयीवर नव्याने लिहिलं गेलं, आणि जुन्या थरातल्या कितीतरी क्लृप्त्या त्यामुळे अनावश्यक झाल्या.

आता पैशाचं. त्याशिवाय वरचं सगळं नैतिकतेचं प्रवचन होईल. मॅटप्लॉटलिबला नमफोकस या संस्थेचं छत्र आहे, चॅन झकरबर्ग इनिशिएटिव्हसारख्यांचं अनुदान मिळालेलं आहे, म्हणून तिथे देखभालीला काही पगारी हात लागतात. पीएलप्लॉटसारख्या प्रकल्पांना ते भाग्य नाही; पीएलप्लॉटची ५.१५ ही आवृत्ती २०१९ मधली. हे प्रकल्प आळसामुळे मंदावतात असं म्हणणं अन्याय आहे. दहा भाषांचे दहा थर सावरत ठेवणं हे रात्रीच्या फावल्या वेळात पेलणारं काम नाही, आणि ते पेलणारी माणसं थकतात.

आपल्याकडे सरकारी पैशातून चालणाऱ्या संशोधन प्रकल्पाच्या अर्जात उपकरणं, मनुष्यबळ, प्रवास, किरकोळ खर्च असे रकाने असतात. ज्या लायब्ररीवर सगळे आलेख उभे आहेत तिच्या देखभालीसाठी रकाना नसतो. व्यापारी सॉफ्टवेअरचा परवाना विकत घ्यायला पैसे मंजूर होतात, कारण त्याचं बिल येतं. मुक्त सॉफ्टवेअरचं बिल येत नाही म्हणून ते फुकट असं धरलं जातं. ते बिल येतं, पण विद्यार्थ्याच्या वाया गेलेल्या आठवड्यांच्या रूपात, आणि ते कुठल्याच ऑडिटमध्ये दिसत नाही. ज्या संस्थेत एखादी लायब्ररी रोज वापरली जाते, तिने एका माणसाचा थोडा वेळ तरी अधिकृतपणे त्या लायब्ररीसाठी द्यावा, असं माझं म्हणणं आहे. देणगी नको, उपकार नको. प्रयोगशाळेतल्या यंत्राचा जसा वार्षिक देखभाल करार करतो, तशी नोंद हवी.

हे इथे जमणारच नाही असं कुणी म्हणू नये. आयआयटी मुंबईच्या, मुक्त सॉफ्टवेअरचा शिक्षणात प्रसार करणाऱ्या फॉसी प्रकल्पाने ‘टेक्स्टबुक कंपॅनियन’ नावाचा उपक्रम चालवला. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थी आणि शिक्षकांनी सायलॅब या मुक्त गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढायची, ती तपासली जायची, आणि त्याबद्दल मानधन मिळायचं. बाइंडिंगची देखभाल स्वरूपाने याच्या अगदी जवळ आहे: तयार उदाहरण घ्यायचं, दुसऱ्या भाषेत लिहायचं, निकाल मूळ निकालाशी ताडायचा. तिसऱ्या वर्षातल्या, थोडंफार सी येणाऱ्या मुलीला एका उन्हाळ्यात जमेल असं हे काम आहे. त्यातून ती कॉलिंग कन्व्हेन्शन (फंक्शनला मूल्यं कुठून पोचवायची याचा संकेत) म्हणजे काय, मेमरीत अ‍ॅरे कसा बसतो, हे जे शिकेल ते मिनी प्रोजेक्टच्या नावाखाली तेराव्यांदा बनवलेल्या हजेरी-व्यवस्थापन प्रणालीतून शिकणार नाही. आणि विद्यापीठांनी त्या कामाला प्रोजेक्टचे गुण द्यावेत. मार्गदर्शकाला ‘नवीन काय केलं?’ असं विचारायची सवय असते, तेव्हा तिने ५.९.१० मधला पीएललेजेंड आणि त्याआधीचा, दोन्हींचे आलेख शेजारी ठेवावेत आणि रेघेकडे बोट दाखवावं.